बेगमी आणि भरंवसा

पाऊस तोंडावर आला म्हणजे महाराष्ट्रांतील जुन्या घरांतून एक निराळीच लगबग सुरू होत असे. ज्वारी-तांदूळ ऊन देऊन, कडुनिंबाचा पाला घालून कणगींत भरावयाचे. डाळी एरंडेल चोळून डब्यांत ठेवावयाच्या. चिंच फोडून, मीठ लावून बरणींत दाबावयाची. सरपणसुद्धां पडवींत नीट रचून ठेवावयाचें. या सर्व खटाटोपाला एकच शब्द होता, ‘बेगमी’. चार महिने नदीला पूर येईल, वाट बंद होईल, आठवड्याचा बाजार भरणार नाहीं, हें गृहीत धरून केलेली ती तजवीज होती. तिला पैसा लागे, जागा लागे, श्रमही लागत. शिवाय कांहीं धान्य पोरकिडे आणि उंदीर यांच्या वांट्यास जाई तें वेगळेंच. तरी ती फुकट गेली असें कोणी म्हणत नसे.

शहरांतील आजच्या घरांत कणगी नाहीं आणि तिला जागाही नाहीं. वाण्याचें दुकान हेंच घराचें कोठार झालें. आणि अलीकडे तर मोठ्या शहरांतून हातांतील दूरध्वनीवर बोट टेकलें कीं कोथिंबिरीची जुडीसुद्धां पंधरा-वीस मिनिटांत दारांत येते. बेगमीची गरज संपली असा यावरून समज होणें स्वाभाविक आहे. वास्तविक ती संपलेली नाहीं, ती घराबाहेर गेली आहे. घरानें ठेवावयाचा साठा वाण्यावर गेला. वाण्यानें तो घाऊक व्यापाऱ्यावर ढकलला, व्यापाऱ्यानें कारखान्यावर, आणि कारखान्यानें त्याला सुटे भाग व कच्चा माल पुरविणाऱ्या दुसऱ्या कारखान्यावर. प्रत्येकानें आपल्यापुरती कणगी रिकामी केली व तिच्यांत अडकलेला पैसा मोकळा केला. मग हा साठा शेवटीं आहे तरी कोठें, असा प्रश्न कोणी केल्यास त्याचें पुष्कळ अंशीं खरें उत्तर ‘वाटेवर’ असें आहे. तो जहाजांत आहे, मालमोटारींत आहे, बंदराच्या धक्क्यावर आहे. आजच्या व्यापाराची बेगमी चालती आहे, आणि ती कोठें अडली कीं दूरदूरच्या घरांना व कारखान्यांना एकदम जाणवते.

हें चालतें कोठार शक्य झालें तें एका अगदीं साध्या वस्तूमुळें. २६ एप्रिल १९५६ रोजीं ‘आयडियल एक्स’ नांवाचें एक जुनें तेलवाहू जहाज अमेरिकेंतील न्यूअर्क बंदरांतून ५८ धातूचे पेटारे घेऊन ह्यूस्टनकडे निघालें. ही कल्पना माल्कम मॅक्लीन या मालमोटारींच्या मालकाची. तोंपर्यंत बंदरांतील माल म्हणजे गोणी, पिंपें, गांठोडीं आणि खोकीं; तीं एकेक करून हमालांनीं चढवावयाचीं व उतरवावयाचीं. सुटा माल जहाजावर चढविण्यास टनामागें ५.८३ डॉलर खर्च येई, तो पेटाऱ्यांमुळें १६ सेंटांच्या आंत आला असा हिशेब मॅक्लीनच्या माणसांनीं काढला. मग देशोदेशींच्या बंदरांना या पेटाऱ्याच्या मापानें पुन्हां घडावें लागलें. मुंबईसमोर, खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथें १९८९ सालीं सुरू झालेलें बंदर हें त्याचेंच फळ होय. हमालीचा खर्च असा जवळ जवळ नाहींसा झाल्यावर, वस्तु जेथें विकावयाची त्याच मुलखांत ती बनविण्याचें कारण उरलें नाहीं. सदऱ्याचा कापूस एका देशाचा, सूत दुसऱ्याचें, शिवण तिसऱ्याची आणि गुंडी चौथ्याची, असा प्रकार रोजचा झाला.

ही वाट किती अरुंद आहे हें २०२१ सालीं सर्व जगानें पाहिलें. २३ मार्च रोजीं ‘एव्हर गिव्हन’ हें चारशें मीटर लांबीचें जहाज सुएझच्या कालव्यांत आडवें होऊन दोन्ही तीरांच्या वाळूंत रुतून बसलें. त्याच्यावर अठरा हजारांवर पेटारे होते, आणि ज्या वाटेंत तें बसलें तिच्यावरून जगाच्या व्यापाराचा आठवा हिस्सा जातो. सहा दिवस वाळू उपसण्यांत गेले. कालव्याच्या दोन्ही तोंडांशीं चारशेंच्या आसपास जहाजें खोळंबलीं. आपल्याकडे होळी पेटली त्या पौर्णिमेच्या भरतीनें शेवटीं पाणी चढलें, आणि धुळवडीच्या दिवशीं तें धूड तरंगलें.

परंतु पेटाऱ्यानें केवळ वाट स्वस्त केली. कणगी रिकामी ठेवावी, किंबहुना रिकामी कणगी हेंच उत्तम कारभाराचें लक्षण मानावें, ही शिकवण दुसऱ्याच ठिकाणाहून आली. आणि आश्चर्य असें कीं, ती श्रीमंतींतून न येतां ओढगस्तींतून आली.

जपानांतील टोयोडा घराणें मूळचें मागवाल्यांचें. साकिची टोयोडा यानें १९२४ सालीं पूर्णत्वास नेलेल्या स्वयंचलित मागाचा एक धागा तुटला कीं तो माग आपोआप थांबे. एकदां बिघडलेलें कापड पुढें विणलेंच जाऊं नये हा त्यांतील हेतु. हा माग इतका सरस ठरला कीं, ज्या लँकेशायरनें जगाला यंत्रानें कापड विणावयास शिकविलें, तेथील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीनें १९२९ सालीं त्याचे हक्क विकत घेतले. साकिचीचा मुलगा किइचिरो यानें मोटारी बनविण्यास आरंभ केला आणि त्या धंद्याचें नांव ‘टोयोटा’ पडलें. महायुद्धानंतरच्या मंदींत, १९४९-५० च्या सुमारास, या कारखान्याच्या गाड्या खपेनात. बँकांनीं हात आखडता घेतला, कामगार कमी करण्याची पाळी आली, मोठा संप झाला आणि खुद्द किइचिरोला अध्यक्षपद सोडावें लागलें. न खपलेल्या गाड्या व न लागलेले सुटे भाग यांत पैसा अडकून पडला म्हणजे धंद्याचा गळा कसा आवळला जातो, हें त्या कारखान्यांतील माणसांनीं प्रत्यक्ष भोगलें होतें.

त्यांपैकीं ताइइची ओनो या अधिकाऱ्याच्या मनांत अमेरिकेंतील मोठ्या किराणा दुकानांची रीत भरली. तेथें गिऱ्हाईक फळीवरून आपणांस हवी ती वस्तु हवी तेवढीच उचलतें, आणि दुकानदार रिकामी झालेली जागा तेवढी पुन्हां भरतो. ओनोनें हीच रीत कारखान्यांत आणली. पुढच्या कामगारानें लागतील तितकेच भाग मागच्याकडून न्यावे, आणि मागच्यानें नेले तितकेच पुन्हां बनवावे. या देवघेवीची खूण म्हणून एक चिठ्ठी असे. तिला जपानी भाषेंत ‘कानबान’ म्हणतात. चिठ्ठी आल्यावांचून कोणी कांहीं बनवावयाचें नाहीं, हा नियम. यांत पैसा वांचतो हें उघडच आहे. परंतु ओनोचा कटाक्ष त्याहून सूक्ष्म होता. साठा दोष झांकतो, असें त्याचें म्हणणें. भरल्या कणगीच्या तळाशीं धान्य किडलें असलें तरी तें चार महिने नजरेस येत नाहीं. रोजचें रोज आणून दळणाऱ्याला तें त्याच दिवशीं दिसतें, आणि लगेच वाण्याकडे जाऊन त्याला जाब विचारतां येतो.

येथें ‘जाब विचारतां येतो’ या शब्दांकडे जरा लक्ष द्यावयास पाहिजे. टोयोटाला सुटे भाग पुरविणारे कारखाने पुष्कळसे त्याच मुलखांत, मोटारीनें थोडक्या वेळांत पोंचतां येईल इतक्या अंतरावर होते. वर्षानुवर्षें तेच पुरवठादार, तीच देवघेव. एकमेकांचे अभियंते एकमेकांकडे जात-येत. किंमत कमी करावयाची तर ती कशी कमी होईल हेंही दोघे मिळून पाहात. या सोयरिकींत लहान कारखानदाराला कधीं जाच नव्हता असें म्हणणें धाडसाचें होईल. सोयरीक म्हटली कीं मानपान आणि जाच दोन्ही आलींच. परंतु ती सोयरीक होती, केवळ गिऱ्हाइकी नव्हती. आणि हा फरक काय किंमतीचा आहे तें एका आगीनें दाखवून दिलें.

१ फेब्रुवारी १९९७, शनिवार. पहांटे सव्वाचारच्या सुमारास कारिया या गांवीं आयसिन सेइकी कंपनीचा पहिल्या क्रमांकाचा कारखाना पेटला. तेथें ब्रेकची एक लहानशी झडप बनत असे. चालकानें ब्रेक दाबला असतां मागच्या चाकांवर किती दाब जावा हें ती झडप ठरवी. दिसावयास किरकोळ, किंमतीनेंही फार मोठी नव्हे, परंतु तिच्यांतील छिद्रें अत्यंत काटेकोर मापाचीं. आणि तीं पाडण्यासाठीं खास बनविलेलीं यंत्रें त्या आगींत जळालीं. टोयोटाला अशा झडपा दिवसाला तीस हजारांहून अधिक लागत आणि त्यांतील शेंकडा ९९ याच एका छपराखालीं तयार होत. जुळणीच्या कारखान्यांत त्यांचा साठा कांहीं तासांपुरता. ओनोच्या शास्त्राप्रमाणें तेंच योग्य होतें. तीन-चार दिवसांच्या आंत टोयोटाचे जपानांतील जवळ जवळ सर्व जुळणीचे कारखाने थंड झाले.

जाणकारांना वाटलें, कित्येक आठवडे, कदाचित् महिने, हा खोळंबा चालेल. घडलें तें असें. आग पुरती विझली न विझली तोंच आयसिनच्या माणसांनीं मदतीसाठीं चहूंकडे निरोप धाडले आणि झडपेचे नकाशे, जे एरव्हीं तिजोरींत ठेवावयाचे, ते मागेल त्याच्या हवालीं केले. सुमारें दोनशें कंपन्या कामाला लागल्या. त्यांत मोटारीच्या भागांशीं ज्यांचा कधीं संबंध आला नव्हता अशाही होत्या. शिवणयंत्रांकरितां प्रसिद्ध असलेल्या ब्रदर कंपनीनें आपलें एक यंत्र या कामासाठीं वळवून घेण्यांत सुमारें पांचशें माणूस-तास खर्च केले, आणि त्यांतून दिवसाला जेमतेम चाळीस झडपा निघूं लागल्या. व्यापारी हिशेबानें हा शुद्ध वेडेपणा. तथापि आग लागल्याला पुरे चार दिवस लोटले नव्हते तोंच पहिल्या झडपा हातांत आल्या. दोन आठवडे पुरे होण्याच्या आंत उत्पादन पूर्ववत् झालें. विशेष हें कीं, काम हातीं घेण्यापूर्वीं किंमत कोण देणार व किती देणार हा प्रश्न कोणीं अडवून धरला नाहीं. पैशाची गोष्ट मागाहून निघाली. आयसिननें मदतीला आलेल्यांचा खर्च भागविला, आणि टोयोटानें आपल्या मुख्य पुरवठादारांना त्या तिमाहींतील त्यांच्या विक्रीच्या एक टक्का इतकी रक्कम आपण होऊन दिली.

या घटनेपूर्वींच टोयोटाच्या पद्धतीचा डंका जगभर वाजूं लागला होता. अमेरिकेंत आणि युरोपांत, मागाहून हिंदुस्थानांतही, व्यवस्थापनाच्या शाळांतून ती शिकविली जाऊं लागली. साठा म्हणजे उधळपट्टी हें सूत्र सर्वांनीं पाठ केलें. परंतु ज्यांनीं तें पाठ केलें त्यांतील बहुतेकांनीं पुरवठादार मात्र दर वर्षीं बोली लावून बदलावयाचे ठेवले. आणि पेटाऱ्यानें वाट स्वस्त केलेली असल्यामुळें तो पुरवठादार दहा हजार किलोमीटरांवरचा असला तरी हरकत राहिली नाहीं. जगानें कानबानची चिठ्ठी उचलली. तिच्या पाठीमागची सोयरीक मूळ गांवींच राहिली. ज्याचें तोंड कधीं पाहिलें नाहीं, ज्याच्यापेक्षां दोन पैसे कमी घेणारा भेटला तर ज्याला उद्यां सोडावयाचें आहे, तो पुरवठादार आगीच्या रात्रीं आपलें यंत्र थांबवून दुसऱ्याची झडप कशासाठीं बनवील?

दूरच्या साखळींत आणखीही एक उपद्रव शिरतो, आणि तो पाहावयास घराबाहेर जाण्याचें कारण नाहीं. समजा, साखर महागणार अशी आवई उठली. ज्या घरांत महिन्याला तीन किलो लागते तेथें सहा किलो येते. वाण्याला वाटतें, खप दुपटीनें वाढला. तो घाऊक व्यापाऱ्याकडे तिप्पट मागणी करतो, कारण आपल्याला कमी पडूं नये. घाऊक व्यापारी त्याच न्यायानें पांचपट मागतो. प्रत्यक्षांत साखर खाणारें एक तोंडही वाढलेलें नसतें. पुढच्या महिन्यांत घरोघरचे डबे भरलेले, वाणी नवी मागणी करीना, आणि गिरणीच्या गुदामांत पोत्यांची थप्पी. मनगट किंचित् हलतें आणि आसुडाचें टोंक फटकन् हातभर जातें, म्हणून या शास्त्रांतील लोक याला आसुडाची उपमा देतात. प्रॉक्टर अँड गँबल या अमेरिकन कंपनीला लहान मुलांच्या लंगोटांच्या धंद्यांत हाच अनुभव आला. बाळें आपल्या ठराविक गतीनेंच लंगोट भिजवीत होतीं. कारखान्याकडे येणारी मागणी मात्र समुद्रासारखी वर-खालीं होत होती. यावर उतारा सांपडला तोही साधाच आहे: प्रत्येक दुव्यानें मागच्याला केवळ आपली मागणी न कळवितां दुकानांतील खरोखरीची विक्री कळवावी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वॉलमार्टच्या दुकानांनीं आपल्या विक्रीचे आंकडे याच कंपनीला दाखविण्यास सुरुवात केली तेव्हां दोघांचेही साठे उतरले. परंतु आपल्या गल्ल्याचे आंकडे दुसऱ्याला दाखवावयाचे म्हणजे पुन्हां भरंवशाचाच प्रश्न आला.

२०२० सालच्या महामारींत हा आसूड सर्व जगाच्या पाठीवर बसला. मोटारी आतां कोण घेणार, अशा समजुतीनें मोटार-कंपन्यांनीं त्या वसंतांत चिपांच्या मागण्या रद्द केल्या. चिप म्हणजे सिलिकॉनची ती इवलीशी चकती, जिच्यावांचून आजची मोटार, दूरध्वनी किंवा संगणक यांतलें कांहींच चालत नाहीं. घरीं बसून काम करणाऱ्या जगाला संगणक हवे झाले, चिपांचे कारखाने तिकडे वळले. आणि मोटारींचें गिऱ्हाईक अपेक्षेपेक्षां लवकर परत आलें तेव्हां मोटार-कंपन्यांना रांगेच्या शेवटीं उभें राहावें लागलें. एका चिपेवांचून तयार गाड्या मैदानांत उभ्या राहिल्या.

या टंचाईंत प्रथम प्रथम टोयोटाचे कारखाने इतरांच्या मानानें चालू राहिले, आणि त्याचें कारण दहा वर्षांपूर्वींच्या एका भूकंपांत आहे. ११ मार्च २०११ रोजीं जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप आणि त्सुनामी यांचा जो प्रलय झाला, त्यांत इबाराकी प्रांतांतील रेनेसास कंपनीचा नाका येथील चिपांचा कारखाना बंद पडला तो अंशतः चालू व्हावयास जून उजाडला. टोयोटाला आपले पुरवठादार तोंडपाठ होते. त्या पुरवठादारांचे पुरवठादार, आणि त्यांचेही पुरवठादार, हे मात्र ठाऊक नव्हते. दोन निरनिराळ्या वाण्यांकडून पीठ घ्यावें आणि गिरणी बंद पडल्यावर कळावें कीं दोघेही एकाच गिरणीचें पीठ विकीत होते, तसा हा प्रकार. म्हणून कंपनीनें खालपर्यंतच्या सर्व दुव्यांची यादी तयार करावयास घेतली. आणि पुरवठादारांना सांगितलें कीं चिपांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा बाळगा. रिकाम्या कणगीचा पुरस्कार जेथून निघाला त्याच घरानें, जी वस्तु अडली तर दुसरी चालणार नाहीं आणि जी पुन्हां बनवावयास महिने लागतात, तेवढ्या एका वस्तूपुरती कणगी भरली. सरसकट बेगमी नव्हे आणि सरसकट रिकामें घरही नव्हे. कोणता डबा भरलेला असावा हें निवडून ठरविलेलें. अर्थात् बेगमीलाही अंत असतो. आग्नेय आशियांतील रोगाची सांथ लांबली तेव्हां सप्टेंबर २०२१ चें उत्पादन ४० टक्क्यांनीं कमी करीत असल्याचें टोयोटालाही जाहीर करावें लागलें.

मोटार चार महिने उशिरां आली तर फारसें कांहीं बिघडत नाहीं. औषधाची गोष्ट तशी नाहीं.

पुण्याजवळ पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें स्थापन झाला, आणि पुढच्याच वर्षीं तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. देशांत इतरही कारखाने निघाले. पुढें परदेशांतून, मुख्यतः चीनमधून, येणारें पेनिसिलिनचें मूळ द्रव्य इतकें स्वस्त झालें कीं येथील उत्पादन त्यापुढें टिकेना, आणि एकामागून एक भट्ट्या बंद झाल्या. घशाच्या किंवा कानाच्या दुखण्यावर डॉक्टर लिहून देतात तें अमॉक्सिसिलिन त्याच कुळांतलें. म्हणजे गोळी हिंदुस्थानांत वळली जाई, परंतु तिचा जीव बाहेरून येई. हा व्यवहार भावाच्या दृष्टीनें चोख होता. त्यांत कोणाचें पाप नव्हतें. प्रत्येकानें स्वस्त तें घेतलें एवढेंच. २०२० च्या आरंभीं चीनमधील कारखाने महामारीनें बंद पडले त्या वेळीं देशांत आयात होणाऱ्या औषधी द्रव्यांपैकीं सुमारें दोन तृतीयांश त्या एका देशांतून येत होतीं. ३ मार्च रोजीं सरकारनें पॅरासिटामॉलसह २६ औषधी द्रव्यांच्या व औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. सर्व जगाला औषध पुरविणाऱ्या देशाला स्वतःच्या डब्याचें झांकण घट्ट लावावें लागलें. आणि ज्या देशांची भिस्त या डब्यावर होती त्यांना तेव्हां प्रथमच समजलें कीं त्यांची साखळी मुंबई-हैदराबादेस संपत नसून त्याच्या पलीकडे जाते. मूळ द्रव्यें देशांत बनावींत म्हणून त्यानंतर सरकारी उत्तेजनाची योजना निघाली, आणि तिच्याखालीं २०२४ सालीं आंध्र प्रदेशांत काकिनाड्याजवळ पेनिसिलिनच्या मूळ द्रव्याचा कारखाना चालू झाला. तो टिकावयाचा तर त्याचा माल थोडा महाग पडला तरी घेणारे गिऱ्हाईक पाहिजे. पिंपरीचा इतिहास पाहतां या अटीकडे कानाडोळा करून चालणार नाहीं.

औषध तरी रसायन आहे, तें बनविण्यास विद्या लागते. अमेरिकेसारख्या धनाढ्य राष्ट्रांत मीठ आणि पाणी यांचा दुष्काळ पडूं शकतो, यावर मात्र सहज विश्वास बसणार नाहीं. सलाईन म्हणजे लिटरभर शुद्ध पाण्यांत नऊ ग्रॅम मीठ. परंतु तें थेट रक्तांत जावयाचें असल्यामुळें पूर्णपणें निर्जंतुक असावें लागतें. त्याच्या कारखान्याला अफाट भांडवल लागतें, आणि पिशवी मात्र वजनाला जड व किंमतीला हलकी. रुग्णालयें एकत्र येऊन खरेदी करतात आणि भाव खालीं ओढतात. अशा धंद्यांत नवा माणूस शिरत नाहीं. जुने दोन-तीन आपले कारखाने मोठे मोठे करीत जातात. २०१७ सालच्या सप्टेंबरांत मारिया या वादळानें प्वेर्तो रिको बेटावरील बॅक्स्टर कंपनीचे कारखाने बंद पाडले, तेव्हां औषध पातळ करून हळूहळू सोडण्याच्या लहान पिशव्या इतक्या दुर्मिळ झाल्या कीं कित्येक ठिकाणीं परिचारिकांना पिचकारी हातांत धरून मिनिटें मोजीत तें औषध शिरेंत सोडावें लागलें. धडा मिळाला होता. सात वर्षांनीं, २०२४ च्या सप्टेंबर-अखेरीस, हेलेन वादळाच्या पुरानें त्याच कंपनीचा नॉर्थ कॅरोलिनांतील मेरियन गांवाजवळचा कारखाना बुडाला. त्या एका ठिकाणीं अमेरिकेच्या सलाईन वगैरे द्रवांपैकीं सुमारें ६० टक्के, दिवसाला पंधरा लाख पिशव्या, तयार होत होत्या. कारखान्याकडे जाणारे पूल निकामी झाल्यामुळें शाबूत राहिलेला साठाही बाहेर काढतां येईना. तात्पुरता पूल बांधावा लागला.

कंपनीनें रुग्णालयांचा वांटा आरंभीं नेहमींच्या ४० टक्क्यांवर आणला. ज्या शस्त्रक्रिया थांबण्यासारख्या होत्या त्या पुढें ढकलण्यांत आल्या. ज्या रोग्याला तोंडानें पाणी घेतां येतें त्याला शिरेंतून देऊं नये, अशा सूचना निघाल्या. कॅनडा, आयर्लंड, ब्रिटन आणि चीन येथील कारखान्यांतून माल आणण्यास सरकारनें तातडीनें परवानगी दिली. ज्यांची शस्त्रक्रिया पुढें गेली त्यांच्या दृष्टीनें साखळी, साठा आणि भांडवल या शब्दांना त्या महिन्यांत वेगळाच अर्थ आला असला पाहिजे.

या ठिकाणीं दोष कारखान्याच्या माथीं मारणें सोपें आहे, परंतु तें न्यायाचें होणार नाहीं. जुन्या घरांत बेगमी करणारा आणि तिचें फळ खाणारा एकच होता. म्हणून खर्च करावा कीं नाहीं याचा निर्णय तो एकाच चुलीपाशीं करूं शके. लांबच्या साखळींत साठ्याचा खर्च एकाला पडतो, त्याचा लाभ दुसऱ्याला होतो, आणि बोलीच्या कागदावर तर किंमतीचा एकच रकाना असतो. दोन वेगवेगळ्या गांवीं कारखाने ठेवणाऱ्याची किंवा तीन महिन्यांचा साठा बाळगणाऱ्याची पिशवी थोडी महाग पडणार. बोलींत तो हरणार. तेव्हां त्याच कागदावर दुसरा एक रकाना हवा: माल किती ठिकाणीं बनतो, मूळ द्रव्य कोठून येतें, आणि वाट बंद झाली तर किती दिवस पुरवठा चालेल. त्या उत्तराला खरीददारानें किंमत मोजली तरच कोणी तें उत्तर तयार ठेवील.

हेलेन येऊन गेल्यावर दोन आठवड्यांच्या आंत मिल्टन नांवाचें दुसरें वादळ फ्लॉरिडाच्या रोखानें निघालें. तेथें डेटोना बीच येथें बी. ब्राउन या दुसऱ्या मोठ्या कंपनीचा सलाईनचाच कारखाना होता. वादळ पोंचण्यापूर्वीं अमेरिकन सरकारच्या मदतीनें त्याच्या कोठारांतील माल साठांहून अधिक मालमोटारींत भरून उत्तरेकडे सुरक्षित जागीं हलविण्यांत आला. ज्या साठ्यावर एरव्हीं व्याज चढतें म्हणून हिशेबनीस कपाळाला आठ्या घालतात, त्याच मिठाच्या पाण्यासाठीं सरकारची धांवपळ उडाली. ९ ऑक्टोबरच्या रात्रीं वादळ फ्लॉरिडा ओलांडून गेलें. कारखाना शाबूत राहिला आणि दोन-तीन दिवसांत त्याचें काम पुन्हां सुरू झालें.